मांडवाबाहेरचा धवला

तळवलीत लग्न ठरलं की एक सुपारी गावदेवीपुढे ठेवायची आणि दुसरी गंगूबाईंच्या हातात द्यायची, हा रिवाज कधी पडला ते कुणालाच सांगता आलं नसतं. गंगूबाई गावच्या धवलारीण. आगरी लग्नात भटजीचं काम मंगलाष्टकांपुरतं. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरवण्यापर्यंतचे विधी धवलारीण आपल्या गाण्यातून लावते, आणि त्या लांबलचक गाण्याला धवला म्हणतात. आधी गावदेवीला बोलवायचं, मग खाडीला, शेताला, घरातल्या गेलेल्या माणसांना. सगळे आले की नवरीचं नाव घेऊन तिला मांडवात आणायचं. नाव येईपर्यंत मांडव म्हणजे नुसते बांबू, असं गंगूबाईंची आत्या म्हणायची. धवला तिनेच शिकवला होता आणि शिकवताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. ज्या घरची सुपारी घेतली त्या घरचा धवला चुकवायचा नाही. आणि एकदा सुरू केला की नाव घेतल्याशिवाय थांबायचं नाही.

गंगूबाईंनी दोन्ही गोष्टी सांभाळल्या. गावाभोवती इमारती उठल्या, भातशेतं सिडकोने घेतली, हळदीला डीजे आला, नवऱ्यामुली ब्यूटी पार्लरमधून उशिरा येऊ लागल्या. गंगूबाई आपल्या जागी, मेढीच्या उजव्या हाताला, पाटावर बसून गात राहिल्या. त्यांच्यामागे चार बायका ओळ झेलायच्या. पहिली ओळ मात्र एका श्वासात, एकट्या गंगूबाईंची. त्या ओळीवरून गावातली माणसं त्यांचा आवाज ओळखायची.

मागच्या गणपतीनंतर त्यांना खोकला लागला तो जाईना. रस्त्याच्या कामाची धूळ म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. अडुळसा झाला, सुंठ झाली, दोन वेळा औषधाच्या बाटल्या झाल्या. दिवाळीनंतर आवाज जड झाला. मग मुलगा प्रणय त्यांना घेऊन एक्स-रे काढायला गेला. तो बेलापूरला एका सरकारी कार्यालयात कारकून. एक्स-रेनंतर सीटी स्कॅन झाला, त्यानंतर सीटीतच बघत बघत पाठीतून सुई घालून तुकडा काढला, आणि शेवटी शल्यविशारद डॉ. इंद्रजित यांच्यासमोरच्या खुर्चीत गंगूबाई जाऊन बसल्या. या सगळ्याला पौष उजाडला. तेवढ्या काळात त्यांनी इतक्या वेळा कपडे बदलून पाठीला बांधायचे ते निळे झगे घातले की आता कुणी न सांगता त्या बांगड्या काढून पदरात बांधायच्या.

"बिडी, तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिसरी व्हती. सून आली तवा सोडली. ती नाकाला पदर लावायची."

"चूल?"

"चूल तर जन्माची."

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांचा आवाज थोडा खाली आला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे, हे त्यांनी सरळ सांगितलं. "गाठ एकाच जागी असेल तर आपण तेवढा भाग काढून टाकू. ती आणखी कुठे पोचली असेल तर मात्र ऑपरेशनचा उपयोग नाही. मग नुसती औषधं. तेव्हा आधी पेट-सीटी करायचा."

"परत सीटी?" प्रणय म्हणाला. "तो झालाय ना सर?"

"तो वेगळा. असं समजा, सीटी म्हणजे घराचा नकाशा. भिंत कुठे, खिडकी कुठे, सगळं बारीक दिसतं. पण कुठल्या खोलीत दिवा जळतोय ते नकाशात कळत नाही. ते पेटमध्ये कळतं. दोन्ही एकावर एक ठेवले की कुठल्या खोलीत काय चाललंय ते दिसतं."

घरी येताना रिक्षात गंगूबाई एवढंच म्हणाल्या, "एकाच खोलीत दिवा असला म्हंजे बस."

पेट-सीटीची तारीख मिळाली ती माघातली, नेमकी दिनानाथच्या मुलीच्या मांडवाची. दिनानाथ गंगूबाईंचा धाकटा भाऊ, त्याची श्रुती लग्नाला उभी. तिची सुपारी गंगूबाईंनी खोकल्याच्या आधीच घेतली होती. मांडवाची मेढ सकाळी रोवायची आणि स्कॅनही सकाळीच. प्रणयने फोन करून विचारलं. तिकडून उत्तर आलं की हे औषध माणसाच्या नावाने त्याच सकाळी बनून येतं, ठेवून राहत नाही. ही पाळी गेली तर पुढची कधी ते सांगता येणार नाही. आणि डॉक्टरांनी तर लवकरात लवकर असं लिहून दिलं होतं.

"ताय, तू टेन्शन नको घेव," दिनानाथ ओटीवर बसून म्हणाला. "तुजा आवाज हाय ना मोबाईलमदी. गेल्या साली पोरांनी रेकॉर्ड केलेला. ब्लूटूथ लावतो, मोठा स्पीकर लावतो. बाया मागून झेलतील."

"त्याच्यात दुसऱ्या पोरीचं नाव हाय."

"त्या टायमाला आवाज बारीक करू."

"आनि मंग श्रुतीचं नाव कोन घेल? स्पीकर?"

सून भाग्यश्री आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभ्या उभ्याच बोलली, "मामा, तुमी त्यांना काय सांगू नका. आई, तुमी नावाचं सोडा आता. आधी तो स्कॅन. मांडवात कोन गेलं नाय म्हणून लग्न राहत नाय कुणाचं."

भाग्यश्री कोपरखैरण्याची, बोलायला फटकळ. पण गेले तीन-चार महिने ती कामावरून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून सासूबरोबर दवाखान्याच्या बाकड्यांवर बसत होती. गंगूबाई तिला उलटं बोलल्या नाहीत. थकव्यामुळे त्या अलीकडे कुणालाच उलटं बोलत नव्हत्या. जयदेवना, म्हणजे नवऱ्याला, हे बरोबर कळायचं. बायको भांडेनाशी झाली म्हणून तो माणूस टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचा.

स्कॅनच्या सकाळी गंगूबाई उपाशीपोटी निघाल्या. दिनानाथच्या अंगणात बांबू येऊन पडले होते. दोन पोरं पहारीने मेढीचा खड्डा घेत होती. गाडी तिथून पुढे गेली तेव्हा त्यांनी काचेतून बघितलं आणि मग बघितलं नाही.

स्कॅनच्या विभागात शायमा नावाची मुलगी होती. तळोज्याकडची कोकणी मुसलमान, डोक्याला फिकट निळा रुमाल, हात चटचट चालायचा. तिने बोट टोचून साखर बघितली, हातात सुई घातली, जाड शिशाच्या डब्यातून औषध काढून भरलं आणि गंगूबाईंना एका लहान खोलीत आरामखुर्चीवर टेकवलं. खोलीला खिडकी नव्हती. दार इतकं जड की ते लावताना शायमाला खांदा लावावा लागला.

"मावशी, आता तासभर इथे पडून राहायचं. बोलायचं नाही, फोन नाही, चघळायचं नाही. फोन मुलाकडे दिलात ना? थोडं थोडं पाणी प्या. झोप लागली तर छानच."

"आनि खोकला आला तर?"

"खोकल्याला मी काय करणार? तेवढा खोका. बाकी एकदम शांत. मी बाहेर टीव्हीवर बघत असते हां." तिने कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"थंडी लय हाय गो बाय."

शायमाने चादर आणून पार हनुवटीपर्यंत ओढली आणि ती गेली. दार बंद झालं. वर एसी घरघरत होता. गंगूबाईंनी डोळे मिटले. झोप आली असती तर बरं झालं असतं. पण डोळे मिटले की त्यांना अंगण दिसायचं. आता मेढीला हळद लावत असतील. आता आंब्याचा टहाळा बांधत असतील. आता दिनानाथने स्पीकर लावला असेल, आणि गेल्या वर्षीच्या गंगूबाई तिकडे गात असतील, चांगल्या आवाजाच्या. त्यांच्या धवल्यात देव येतील, खाडी येईल, गेलेली माणसं येतील, आणि मग येईल दुसऱ्याच पोरीचं नाव. आमची श्रुती बांबूंच्या खाली उभी राहील.

त्यांनी चादर नाकावर घेतली. थंडी होतीच. मग अगदी खालच्या आवाजात, दाराबाहेर जाणार नाही इतक्या खालच्या, त्यांनी गावदेवीला बोलावलं.

बोलण्याला बंदी होती हे त्यांना ठाऊक होतं. पण हे बोलणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गाणंही नव्हे, सुपारीचं देणं आहे, ते घशातल्या घशात चुकतं करायचं. एकदा सुरू झाल्यावर प्रश्न मिटला, कारण नाव घेतल्याशिवाय थांबता येत नव्हतं. श्वास जागोजागी तुटत होता. जिथे पूर्वी एक ओळ बसायची तिथे तीन तुकडे पडत होते. खोकला यायचा, त्या पाण्याचा घोट घ्यायच्या आणि तुटल्या जागेवरून पुन्हा उचलायच्या. खाडी आली, शेतं आली. आता तिथे शेत नव्हतं, इमारत होती, पण धवल्यात शेतच होतं. आत्या आली. सासू आली. शेवटी श्रुतीचं नाव आलं, बापाचं नाव आलं, घराचं नाव आलं. गंगूबाई थांबल्या. पाठीला घाम आला होता.

थोड्याच वेळात दार उघडलं. "झोपलात वाटतं मावशी, चादरीत गुरफटून? छान. चला, आधी बाथरूमला जाऊन या, मग आत."

आत ते यंत्राचं मोठं कडं होतं. हात डोक्यावर घेऊन त्या आडव्या झाल्या. "नेहमीसारखा श्वास घेत राहा," असं सांगून शायमा काचेमागे गेली. पाट हळूहळू सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. सगळ्यात शेवटी छातीचा एक वेगळा सीटी होता, बारीक कापांचा. काचेमागून आवाज आला, "मोठा श्वास घ्या. रोखून धरा." गंगूबाईंनी धरला, आणि "सोडा" यायच्या आतच तो सुटला. पुन्हा घ्यावा लागला. दुसऱ्यांदा दात आवळून कसाबसा निभावला. एके काळी या श्वासात गावदेवीपासून खाडीपर्यंतची अख्खी ओळ मावायची.

निघताना शायमाने बजावलं, "आज दिवसभर लहान मुलांना जवळ घेऊ नका. गरोदर बायकांजवळ बसू नका. औषध उतरू दे अंगातलं."

म्हणजे रात्रीच्या हळदीलाही जाणं नाही. लग्नघरात पोरंच पोरं. गंगूबाई संध्याकाळी आपल्या खोलीत एकट्या पडून राहिल्या. तिकडे डीजे वाजत होता, भिंत थरथरत होती. त्यांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. नाव घेतलं होतं.

डॉ. इंद्रजित यांनी पेट-सीटी पडद्यावर लावला तेव्हा गंगूबाईंना आपलं शरीर राखाडी रंगात, कापलेल्या कोबीसारखं थरांथरांत दिसलं. डॉक्टर माऊस फिरवत वरून खाली आले. मेंदू उजळलेला, तो सगळ्यांचाच असतो म्हणाले. हृदय उजळलेलं, मूत्राशय उजळलेलं, तेही असायचंच. यकृत स्वच्छ, हाडं स्वच्छ. फुप्फुसातली गाठ निखाऱ्यासारखी लाल. बाजूच्या ग्रंथी शांत.

"हे चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. प्रणयने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "फक्त एक गोष्ट." त्यांनी चित्र वर नेलं. गळ्यात, मधोमध, डाव्या-उजव्या बाजूला दोन दिवे जळत होते.

"हे काय सर?"

"हा स्वरयंत्राचा भाग. इंजेक्शननंतर माणूस बोलत बसला तर इथले स्नायू काम करतात, औषध ओढून घेतात आणि असे चमकतात. मावशी, त्या खोलीत तुम्ही बोलत होतात का?"

गंगूबाईंच्या तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात प्रणय म्हणाला, "नाही सर. एकटीच होती आत. फोन माझ्याकडे होता."

"तिथल्या मुलीनेही शांत पडून होत्या असंच लिहिलंय," डॉक्टर कागद बघत म्हणाले. "बघणारी ती चांगली आहे, असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नाहीत. तसं हे दोन्हीकडे सारखं आहे, म्हणजे बहुधा काळजीचं नसावं. पण मावशींचा आवाज बसलाय, त्यामुळे मी गृहीत धरणार नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टर दुर्बिणीने आतून बघतील. गळा स्वच्छ निघाला की लगेच ऑपरेशनची तारीख. नाहीतर सगळं नव्याने ठरवावं लागेल."

शब्द तोंडातच राहिला. आता सांगितलं तर त्या शायमाला बोलणी बसतील, हे पहिलं मनात आलं. पोरीने चादर आणून दिली आणि आपण त्याच चादरीखाली तिला फसवलं. पण रिक्षात बसल्यावर गंगूबाईंना कळलं की कारण तेवढंच नव्हतं. सांगितलं असतं आणि डॉक्टर म्हणाले असते, हे नुसतं गाण्याचं दिसत नाही, तर? गप्प राहिलं की मनाला सांगत राहता येत होतं, दिवे गाण्याचे आहेत. आवाज तर दिवाळीपासून बसला होता. तेव्हा त्यांनी कुठे गायलं होतं?

दुर्बिणीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. ते दिवस गंगूबाईंनी अंथरुणात काढले. त्या काही विचारत नव्हत्या, काही मागत नव्हत्या. भाग्यश्री पेज पुढे ठेवायची, त्या दोन घोट घ्यायच्या. एकदा जयदेव येऊन पायाशी बसले.

"गला दुकतो?"

"नाय."

"मंग बोलत का नाय?"

"बोलून काय करू?"

ते उठून गेले.

श्रुती सासरहून पहिल्यांदा माहेरी आली ती थेट आत्याच्या पाया पडायला. हातात लाडवांचा डबा, हिरव्या चुड्याचा खळखळाट. तिच्या येण्याने खोलीत जरा उजेड आल्यासारखं झालं.

"आत्ये, तुझ्या रेकॉर्डिंगचा काय पोपट झाला माहितेय? मस्त चालू होता धवला, बाया पण झेलत होत्या. आणि मध्येच बाबांच्या मोबाईलवर कॉल आला! कसला तर लोनचा! स्पीकरवर ती बाई, 'नमस्कार सर, क्या आपको पर्सनल लोन चाहिए?' आख्खा मांडव हसला."

भाग्यश्रीही दारात उभी राहून हसली. "मग?"

"मग काय, बाबांनी घाईघाईत कट केला, तर गाणंच बंद. परत लागेचना. म्हातारी माणसं बोलली, राहू द्या, मुहूर्त जातोय." श्रुतीचं हसू जरा खाली आलं. ती चुडा फिरवत बसली. "माझं नाव कुठं आलंच नाय आत्ये. लहान होती तेव्हापासून मी वाट बघायची, तू माझं नाव कसं घेशील ते. जाऊ दे. आता सासूबाई बोलून दाखवतात, तुमच्याकडे म्हणे अर्धाच मांडव लागला."

"आला व्हता," गंगूबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुजं नाव. मी घेतला. तुजा, तुज्या बापाचा, घराचा. पूरा केलाय मी धवला. सांग तुज्या सासूला."

श्रुतीने डोळे मोठे केले. "कुठं? कधी?"

"त्या दिवशी, सकाळी. तिकरं, त्या खोलीत."

श्रुतीचे डोळे भरून आले. ती आत्याच्या गळ्यात पडायला पुढे झाली, तेवढ्यात भाग्यश्रीने दारातून पुढे येऊन विचारलं, "कुठल्या खोलीत आई?"

गंगूबाई चादर सारखी करू लागल्या.

"इंजेक्शन दिल्यावर? त्या खोलीत तुमी गायलात? आख्खा धवला?"

"हलू आवाजात."

"हळू आवाजात!" भाग्यश्री डोक्याला हात लावून खाली बसली. "डॉक्टर विचारत होते तेव्हा तुमी तोंडात काय धरून बसलेलात? आमी इथे रात्र-रात्र जागतोय. प्रणय तिकडे ऑफिसात बसून गळ्याचा कॅन्सर गळ्याचा कॅन्सर वाचत बसतोय मोबाईलवर. आणि तुमी!"

"वैनी, ओरडू नको ना तिला," श्रुती म्हणाली.

"ओरडू नको? तुझ्या नावापायी झालंय हे!" म्हणून भाग्यश्री मोठ्याने रडायलाच लागली. आपण दिलासा मिळाला म्हणून रडतोय की राग म्हणून, हे तिचं तिलाच कळत नसावं. गंगूबाईंनी हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. तो हातही त्यांना जड वाटत होता.

"त्या पोरीला बोलतील म्हनून नाय सांगितला," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आनि भ्या वाटला."

"कसलं भ्या?"

"गान्यानं नसंल तर?"

भाग्यश्रीने नाक पुसलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

दुर्बिणीच्या दिवशी शायमा त्यांना खालच्या मजल्यावरच भेटली. तिला सगळं कळलेलं होतं. तिने कमरेवर हात ठेवले.

"मावशी! मी टीव्हीवर बघत होते ना तुम्हाला, आणि तुम्ही चादरीच्या आत मैफल लावलीत?"

"तुला बोलले का कुनी?"

"बोलले. आता पेशंटचं तोंड चादरीबाहेर ठेवायचं असा नियम झालाय. तुमच्यामुळे." ती हसली आणि पुढे झुकून म्हणाली, "आमच्याकडे पण लग्नात म्हाताऱ्या बाया गातात. माझी नानी असती तर तिनेपण हेच केलं असतं."

कान-नाक-घशाच्या डॉक्टर तूबा यांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला. बारीक काळी नळी आत गेली. गंगूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या पडद्यावर ओली, गुलाबी गुहा दिसू लागली आणि तिच्या तळाशी दोन पांढऱ्या पट्ट्या, भातुकलीच्या दाराच्या दोन फळ्यांसारख्या.

"बघा मावशी, हे तुमचे स्वरतंतू. आता 'ई' म्हणा."

गंगूबाईंनी 'ई' म्हटलं. फळ्या मिटल्या आणि थरथरू लागल्या. एवढ्या वर्षांत जिच्यातून सगळ्या गावाची नावं गेली ती जागा त्या पहिल्यांदा बघत होत्या. फार लहान होती.

"दोन्ही हलतायत. छान. खोकून खोकून थोडी सूज आलीय, आवाज त्यामुळे बसलाय. बाकी मला इथे काही दिसत नाही. एकदम स्वच्छ." प्रणय दाराजवळ उभा होता तो भिंतीला टेकला. "आता एकदाच, लांब 'ई'. जमेल तितका लांब धरा."

गंगूबाईंनी छाती भरून घेतली. पाठ आपोआप ताठ झाली, पाटावर बसल्यासारखी. आवाज निघाला, थोडा खरखरीत पण त्यांचाच. पडद्यावर फळ्या एकमेकींना चिकटून थरथरत राहिल्या. डॉक्टर तूबांनी मान हलवली, बस झालं, अशी खूण केली. गंगूबाई थांबल्या नाहीत. कुठवर जातो ते त्यांना बघायचं होतं. आवाज गावदेवीच्या देवळापर्यंत गेला, तिथून पुढे खाडीकडे वळायला हवा होता, आणि तिथे तो संपला. फळ्या उघडल्या. आत काळोख दिसला.

"तिथवरच," गंगूबाई म्हणाल्या.

"खूप झालं की मावशी," डॉक्टर तूबा नळी काढत म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर डॉ. इंद्रजित यांनी पुन्हा पडदा लावला, गळ्यातल्या दोन दिव्यांवरून एकदा माऊस फिरवला आणि ते चित्र बाजूला सारलं. "फक्त छातीतली गाठ. काढून टाकू. मावशी, एक आधीच सांगतो. फुप्फुसाचा वरचा भाग जाणार. चालाल, फिराल, घरातलं कराल. पण श्वास पूर्वीइतका लांब राहणार नाही."

"पूर्वीइतका आताच कुठं हाय," गंगूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तारीख सांगितली. प्रणयने सवयीने खिशातून मोबाईल काढला आणि मग आईकडे पाहिलं. ते दिवस लगीनसराईचे होते. कुणी कसलीही तारीख सांगितली, बारशाची असो नाहीतर दात काढायची, आई आधी विचारायची, त्या दिवशी गावात कुणाचं लग्न आहे का बघ. लहानपणापासून तो हे बघत आला होता.

"आये, बघू का कोनाचं हाय का त्या दिवशी?"

गंगूबाई पदराची गाठ सोडत होत्या. आतल्या बांगड्या त्यांनी एकेक करून हातात चढवल्या. हात सुकला होता, त्या सहज गेल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "तारीख लिवा म्हनावं त्यांना."